कोंबीचा दुसरा गिअर

१ ऑगस्ट, शुक्रवार

सगळी गल्ली धरणीसाठी जाळलेल्या कोआच्या धुराने भरली आहे. आमच्या अंगणात मात्र धूर नाही.

ऑगस्टमध्ये धरणी तोंड उघडते. तिला भूक लागलेली असते, आणि तिला आपण घास दिला नाही तर ती स्वतः घेते. आईच्या पाठीवर बांधलेली होते तेव्हापासून हे ऐकत आले. आज पहिला शुक्रवार. शेजारच्यांनी दुपारीच निखारे पेटवले, त्यावर कोआची पानं, साखरेच्या वड्या, रंगीत लोकर आणि लामाची चरबी ठेवली. मग ट्रकच्या चारी चाकांवर बिअर ओतली, आरशांना फुलांच्या माळा बांधल्या. सेनोन इकडे आमच्या कोंबीची, म्हणजे प्रवासी व्हॅनची, काच कोरड्या फडक्याने पुसत होता.

"निदान फुलं तरी घालू या," मी म्हटलं.

"आसुंता, गाडी आहे ती. नवरी नव्हे."

माझा नवरा दोन वर्षांपूर्वी हर्मानो लोकांत, त्या नव्या ख्रिस्ती पंथात, गेला. त्यांच्या प्रार्थनाघरात दारू चालत नाही, कोकाची पानं चघळणं चालत नाही, धरणीची पूजा तर मुळीच नाही. दारू सुटली त्याबद्दल मी त्या लोकांची जन्मभर ऋणी आहे. पण दारूबरोबर धरणीचा घासही सुटला, आणि गेल्या वर्षीपासून ऑगस्ट लागला की माझी झोप उडते.

यंदा जास्तच. जेवताना तो अगदी सहज बोलून गेला, की क्रुसांच्या वळणावर आज दुसरा गिअर लवकर सापडेना. दोनदा दांडा हलवला, तेव्हा पडला. सूप पीत होता, वर पाहिलंसुद्धा नाही. माझा चमचा तसाच राहिला.

त्या वळणाला क्रुसांचं का म्हणतात ते मला कुणी सांगायला नको. मी इथल्या दवाखान्यात परिचारिका आहे. जूनमध्ये तिथून ट्रक खाली गेला, तेव्हा जे वर आणले त्यांना मी धुतलं.

४ ऑगस्ट, सोमवार

सेनोन आज सकाळपासून गाडीखाली. मी जेवण घेऊन गेले तर नुसत्या वहाणा बाहेर. त्या वहाणांशीच बोलले.

"नक्की बिघडलंय काय?"

"इंजिन मागे, मी पुढे. बरोबर? पुढचा दांडा हलवला की खालून एक लांब सळई सरकते आणि मागे गिअर बदलतो. त्या सळईच्या सांध्यात बुश असतो. तो गेला झिजून. म्हणून मी पुढे एक म्हणतो आणि मागे दुसरंच ऐकू जातं."

"आपल्या घरासारखं."

वहाणा हसल्या. हलल्या, म्हणजे हसलाच असणार.

तेवीस वर्षांच्या गाडीचे सुटे भाग शहरात मिळतात, पण मागच्या वर्षी आणलेला बुश पावसाळ्याआधीच भुगा झाला होता. म्हणून या वेळी त्याने सिरियाकोला बोलावलं. सिरियाको जुन्या टायरच्या वहाणा करतो. आमच्या अख्ख्या सोराता गावात ज्याच्या पायात टायर आहे त्याच्या पायात सिरियाको आहे. आमच्या मुलीचा, योलाचा, धर्मपिता तो, म्हणून आमचा कोंपाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. ट्रकच्या टायरचा जाड तुकडा काखेत मारून आला.

"कोंपाद्रे, हा टायर ब्राझीलच्या हद्दीपर्यंत जाऊन आलाय. तुझ्या कोंबीपेक्षा जास्त जग बघितलंय त्याने. कोमाद्रे, चहा ठेवा. टायरलाही द्या कपभर."

दोघे दुपारभर बसले. सिरियाको त्याच्या वाकड्या सुरीने कापायचा, सेनोन सळईवर बसवून बघायचा, मान हलवायचा. पुन्हा कापायचं. तिसरा तुकडा घट्ट बसला. पाणी लावून, जोर करून, दोघांनी मिळून ढकलला तेव्हा बसला.

"आता ग्रीस मारून टाक भरपूर," मी आपलं ज्ञान पाजळलं.

"अजिबात नाही!" सेनोन एवढ्याने ओरडला की कोंबड्या उडाल्या. "रबर आहे ते. रबराला तेल-ग्रीस लागलं की फुगतं, मऊ पडतं, मग लोण्यासारखं निघून येतं. कोरडं ठेवायचं."

"खरंय," सिरियाको म्हणाला. "म्हणून मी कुणालाही माझ्या वहाणा तळून खाऊ देत नाही."

६ ऑगस्ट, बुधवार

देशाचा वाढदिवस. चौकात मुलांनी संचलन केलं, बँडवाल्यांचा एक सूर शेवटपर्यंत चुकत राहिला. सेनोन मला गाडीतून वरच्या खिंडीपर्यंत घेऊन गेला आणि परत. उतारावर दुसरा गिअर टाकला तेव्हा 'खट्ट' असा आवाज आला, पेटीचं झाकण बसावं तसा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मुलं चित्र दाखवून बघतात.

मी म्हटलं, छान. खरंच छान होतं.

मग मला भीती का वाटते आहे? गाडीत नवीन वस्तू बसली आणि तिला कुणी घास दिला नाही, म्हणून. वीस वर्षं मी लोकांना सांगते आहे, जखमेला राख लावू नका, चरबी लावू नका, हात धुवा. सगळं पाठ आहे मला. पण क्रुसांच्या वळणावर यातलं काही आठवत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

इसिदोरा आजी दवाखान्यात गुडघा दाखवायला आली. गुडघा तिला दहा वर्षं दुखतो; ती येते बोलायला. गावातल्या पूजा तीच मांडते. मी गुडघ्याला पट्टी बांधत होते, ती माझ्या कपाळाकडे बघत होती.

"तुझ्या नवऱ्याने गाडीला काही केलं नाही म्हणे यंदा."

"तो नाही करत आजी आता. माहीत आहे तुम्हाला."

"त्याचा देव वर आहे. वरच्याला रस्ता वरून दिसतो. गाडी चालते ती खालून." तिने ओटीतून मक्याच्या पानात गुंडाळलेला गोळा काढला. लामाची चरबी, पिवळसर, जुनी, वास मारणारी. "नवीन वस्तू बसवली ना त्याने? जिथे बसवली तिथेच लाव. बोटाने. थोडी थोडी, महिनाभर, तिचं तोंड मिटेपर्यंत. त्याला कळायची गरज नाही. धरणीला कळलं की झालं."

मी घ्यायला नको होती. घेतली. औषधांच्या कपाटात कापसाच्या मागे ठेवली आणि मग पुन्हा काढून एप्रनच्या खिशात.

९ ऑगस्ट, शनिवार

शनिवारी आणि बुधवारी संध्याकाळी सेनोन प्रार्थनेला जातो. तो चालतच जातो, गाडी अंगणात असते.

त्यांची गाणी सुरू झाल्यावर मी गाडीखाली गेले. सरकताना केसांची वेणी अडकली. थंड लोखंडाला असा वास येतो हे माहीत नव्हतं. सळई चाचपत चाचपत मागे गेले, आणि बोटांना तो सांधा लागला. रबर कोरडं, खरखरीत, घट्ट. बोटावर चरबी घेतली आणि फटीतून आत, सगळीकडून, फिरवून लावली. जी मंत्रासारखी चार वाक्यं आई म्हणायची ती आठवली नाहीत. मी म्हटलं, "आई, तो चांगला आहे. तुला विसरला असेल, पण वाईट नाही. त्याला घेऊ नकोस."

तिकडून त्यांचं गाणं येत होतं, इकडे मी. दोन्हीकडून एकाच माणसासाठी मागणं चाललं होतं, असं आता लिहिताना वाटतं.

त्याने ग्रीसला नाही म्हटलं होतं, ते माझ्या लक्षात आहे. पण ग्रीस दुकानातलं, काळं. ही तर चरबी आहे. बाळाच्या टाळूला लावतात.

१३ ऑगस्ट, बुधवार

लावली.

१६ ऑगस्ट, शनिवार

लावली. या वेळी बोट आधीपेक्षा सहज आत गेलं. मला बरं वाटलं. काहीतरी स्वीकारलं जात असल्यासारखं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सेनोनचा चेहरा उतरलेला.

"खट्ट गेला," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आवाज गेला. पडतो गिअर, पण पडल्यासारखा वाटत नाही. चिखलात काठी घातल्यासारखा. आज दुसरा शोधताना रिव्हर्सच्या दाराशी जाऊन आलो."

कोंबीत दुसरा आणि रिव्हर्स शेजारी शेजारी असतात, हे त्याने मला आधी कधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, किंवा कधीच सांगितलं नसतं तर.

"उघडून बघ ना."

"दोन आठवडे झाले नाहीत बसवून. ट्रकचं रबर एवढ्यात झिजत नाही. माझ्याच हाताला सवय व्हायची असेल." पण तो दांडा कसा हलवायचा ते ताटावर काट्याने करून बघत होता. उकडलेला बटाटा न्यूट्रल होता.

मला कळलं ते असं: माझी चरबी पुरेशी नाही. एवढ्या भुकेला बोटभर घास.

२० ऑगस्ट, बुधवार

आज अर्धा गोळा लावला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

स्वप्न पडलं. मी दवाखान्यात कुणाचा तरी पाय धुते आहे आणि वहाण ओळखीची आहे. वर चेहऱ्याकडे बघत नाही. बघायचं नाही असं ठरवून पाय धुते आहे.

उठले तर तो शेजारी होता. त्याच्या छातीवर हात ठेवून पडून राहिले. तो झोपेत म्हणाला, "थंड आहे हात." काढला नाही.

दिवसा मला भीती वाटत नाही असं नाही. तो सकाळी गेला की मी वेळ मोजत नाही, आवाज मोजते. खालच्या पुलावर आल्यावर तो दोनदा भोंगा वाजवतो, एकदा पुलासाठी आणि एकदा माझ्यासाठी. तो ऐकू येईपर्यंत मी सुई टोचते, नाडी बघते, वजन लिहिते, आणि माझ्यात कुणी नसतं. काल एका बाईने विचारलं, "सिस्टर, बाळाचं वजन बरं आहे ना?" मला काट्यावरचा आकडाच दिसेना.

२७ ऑगस्ट, बुधवार

तो प्रार्थनेला जाण्याआधी कंदील घेऊन गाडीखाली वाकला. पण उघडलं नाही, नुसता प्रकाश पाडून बघितलं, कारण प्रार्थनेची घंटा झाली.

"उघडायलाच हवा सांधा," कपडे झटकत म्हणाला. "रविवारचा बाजार होऊ दे. सोमवारी बसतो."

"रविवारी जाऊच नकोस."

"बावीस माणसं सांगून ठेवलीत दोन फेऱ्यांना. कांदे, मका, सगळं. नाही गेलो तर दुसरी गाडी तरी आहे का?"

नव्हती. तो गेल्यावर मी उरलेली चरबी लावली. चिमूट तेवढी ठेवली, का ते माहीत नाही. रबर हाताला गुबगुबीत लागलं, गालासारखं. जिवंत वाटलं. मी त्यावर तळवा ठेवून बसले, अंधार पडेपर्यंत.

रविवारी मी त्याच्याबरोबर जाणार आहे. जायचं तर दोघं.

१ सप्टेंबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

आचाकाचीच्या बाजारातून परतताना आम्ही अकरा जण होतो. पुढे सेनोनशेजारी सिरियाको, मांडीवर न खपलेल्या वहाणांचं गाठोडं. मागे मी, इसिदोरा आजी, कांदेवाल्या बायका, एका म्हाताऱ्याच्या पोत्यात जिवंत डुकराचं पिल्लू. सिरियाको सारखा मागे वळून त्या पिल्लाला काहीतरी बोलत होता. "घाबरू नको रे, तू आमच्यापेक्षा सुरक्षित आहेस. तुला सणापर्यंत तरी ठेवणार आहेत."

खिंडीवर धुकं होतं. खाली उतरताना ते फाटलं आणि दरी दिसली. दिसली नसती तर बरं.

क्रुसांच्या वळणाच्या वरच्या उतारावर सेनोनने ब्रेक दाबला, तिसऱ्यातून दांडा काढला आणि दुसऱ्याकडे ओढला. दांडा गेला तो गेलाच, रिकाम्या भांड्यात चमचा फिरावा तसा. त्याने पुन्हा फिरवला. काही नाही. गाडी हलकी झाली. ज्याने कधी अनुभवलं नाही त्याला कसं सांगू. मागून कुणीतरी धरलेला हात सोडावा तशी.

"सेनोन," मी म्हटलं.

"बसा सगळे खाली," तो म्हणाला. ओरडला नाही. त्याचा हा आवाज मी फक्त योला जन्मली तेव्हा ऐकला होता.

ब्रेकचा जळका वास आला. हँडब्रेक त्याने दोन्ही हातांनी ओढला, म्हणजे तेवढा वेळ स्टिअरिंगला कुणीच नव्हतं. मग दिसलं, सिरियाकोने गाठोडं टाकून ते धरलं होतं. क्रूस जवळ येत होते, पांढरे, मला त्यांवरची नावं वाचता येत होती. मग सेनोनने गाडी डोंगराच्या अंगाला घातली. चर, दगड, धक्का. सगळे कांदे एकदम हवेत. आणि मग शांतता, आणि त्या शांततेत डुकराचं पिल्लू केकाटलं.

सगळे जिवंत. हे वाक्य मी काल मनात इतक्यांदा म्हटलं की त्याचा अर्थ जाऊन नुसता ठेका उरलाय.

सिरियाकोचं मनगट मोडलं. उजवं, सुरी धरायचं. मी त्याच्याच दोन नव्या वहाणा घेतल्या, एक वरून एक खालून, आणि माझ्या शालीच्या काठाने बांधलं. तो पांढराफटक पडला होता तरी म्हणाला, "कोमाद्रे, या दोन्ही डाव्या पायाच्या आहेत."

बायका रडत होत्या आणि रडता रडता कांदे गोळा करत होत्या. त्यातलीच एक म्हणाली, "टायरचा बुश बसवलेला ना? वहाणवाल्याकडून गाडीचे भाग! मग काय होणार!" सिरियाकोने ऐकलं. काही बोलला नाही. पहिल्यांदाच बोलला नाही.

इसिदोरा आजीने माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाली, "बघितलंस? घेणारच होती. कुणीतरी घास देत होतं म्हणून सोडलं तिने."

मी रडले ती तेव्हा. अर्धा गोळा लावला नसता तर, या विचाराने.

२ सप्टेंबर, मंगळवार

दोन बैल आणि एक ट्रक लावून गाडी अंगणात आणली. सेनोन लगेच खाली गेला. मी ओट्यावर मटार सोलत बसले होते. सांधा उघडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. वहाणासुद्धा हलेनात.

"सेनोन?"

"आहे."

बाहेर आला तेव्हा तळहातावर तो बुश होता. ओळखू आला नाही मला. रात्रभर भिजत घातलेल्या वालासारखा फुगलेला, एका बाजूने फाटून सोललेला, लिबलिबीत. त्याने बोट नाकाशी नेलं. हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांकडे.

"काय झालं?" मी विचारलं.

त्याने बुश फडक्यात गुंडाळला.

"काही नाही," तो म्हणाला. "रबर."

मग नळावर जाऊन हात धुतले. साबणाने, तीनदा. मी लोकांना शिकवते तसे.

३ सप्टेंबर, बुधवार

आज मला सेनोनचा फार राग आलेला आहे आणि तो लिहून टाकते म्हणजे जाईल.

सिरियाकोच्या दुकानात आम्ही दोघं मनगट बघायला गेलो. बाहेर बाकावर तीन-चार जण बसले होते, तेच चाललं होतं: टायरचा बुश, वहाणवाल्याची अक्कल. एक तर म्हणाला, वहाणासुद्धा आता दुसरीकडून घ्याव्या. सिरियाको आत, हात गळ्यात, डाव्या हाताने काहीतरी कापायचं नाटक करत.

सेनोन दारातच उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रबराचा दोष नव्हता. रबर उत्तम होतं. मी त्याला ग्रीस लावलं."

सिरियाकोने सुरी ठेवली. "काय लावलंस?"

"ग्रीस. भरपूर."

"कोंपाद्रे, तू! कोमाद्रेवर ओरडलास ना तू, ग्रीस नको म्हणून! कोंबड्या उडाल्या माझ्यासमोर!"

"विसरलो. जुनी सवय हाताला."

"प्यायचास तेव्हा तुला जास्त आठवायचं!" सिरियाकोच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. बाकावरच्यांकडे वळून म्हणाला, "ऐकलंत? आता ज्याला वहाणा दुसरीकडून घ्यायच्यात त्याने अनवाणी जावं!"

घरी येईपर्यंत मी तोंड बंद ठेवलं. मग सुटलेच. म्हटलं, अकरा माणसं होती आत. मी होते. स्वतःच सांगतोस आणि स्वतःच विसरतोस? देवाने वाचवलं म्हणून. कोणत्या देवाने ते बोलले नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. एकदा तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "तुझं बरोबर आहे, आसुंता. मोठी चूक झाली."

इतक्या गरीबपणे म्हणाला की मला आणखीच संताप आला.

संध्याकाळी प्रार्थनेला गेला नाही. गाडीच्या पायरीवर बसून राहिला. मीही मग दार लावून आतच बसले.

५ सप्टेंबर, शुक्रवार

वेगळंच काहीतरी चाललंय. खालच्या रानातून सोन्याच्या खाणीवरचा एक माणूस वर आला होता, त्याच्याकडून सेनोनने चोंताचा तुकडा घेतला. तिकडच्या एका ताडाचं काळं लाकूड, लोखंडाला लाजवेल असं. पूर्वी भाल्यांना लावायचे. ते कानशीने घासत बसलाय. घासतो, मोजतो, सळईवर लावतो, पुन्हा घासतो. काळी पूड त्याच्या मिशीत.

"लाकडाचा बुश?" मी दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलले.

"रबर नकोच आता. लाकूड टिकेल. फक्त एक आहे." तो कानशीकडेच बघत होता. "कोरडं चाललं तर किरकिरतं, झिजतं. लाकडाला चरबी लागते. आधी उकळून मुरवायची, आणि मग वरून लावत राहायची. आठवड्यातून दोनदा तरी."

माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "कसली चरबी?"

"लामाची सगळ्यात चांगली. जुनी असेल तर फारच उत्तम. मिळेल का तुला कुठे?"

"तुमच्या प्रार्थनाघरात चालेल का पण?"

"प्रार्थनाघर काही गाडीखाली येत नाही, आसुंता."

मी म्हटलं, बघते इसिदोरा आजीकडे. शाल घेतली, कोपऱ्यापर्यंत गेले, चौकातल्या त्या मोठ्या झाडामागे थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. उरलेली चिमूट एप्रनच्या खिशात होतीच. पण तेवढ्याने काय होणार, म्हणून मग खरंच आजीकडे गेले आणि नवा गोळा आणला. त्या गोळ्यावर मी ती जुनी चिमूट थापून दिली.

त्याने मक्याचं पान उलगडलं. वास घेतला. डोळे मिटून घेतला.

"हीच," तो म्हणाला.

७ सप्टेंबर, रविवार

बुश काल बसवला. मला गाडीखाली बोलावलं. दोघं शेजारी शेजारी उताणे, वर लोखंड. कंदील त्याने माझ्या बाजूला ठेवला.

"इथे लावायची. फक्त या काळ्यावर. हे पुढचं जे रबरी आवरण दिसतंय, त्याला लागू द्यायची नाही. त्याला चालत नाही. दिसलं?"

"दिसलं."

"दाखव."

मी दाखवलं. त्याने माझं बोट धरून थोडं सरकवलं. "आणि वेणी आधी बांधून घे. इथल्या खिळ्यात अडकते."

"तुला कसं माहीत?"

"अडकेल असं वाटतं," तो म्हणाला.

लावताना मी ओठ मिटून माझं मागणं मागत होते. त्याला ऐकू गेलं असेल का, कळलं नाही. पण मी संपेपर्यंत तो थांबला, आणि मग 'आमेन' म्हणाला. त्याला सवयच आहे, कशालाही म्हणतो.

आज बाजाराची फेरी. फक्त सहा जण आले, बाकीचे घाबरले. मी पुढे बसले, सिरियाकोच्या जागी. क्रुसांच्या वरच्या उतारावर माझे पाय आपोआप फळीवर दाबले गेले. सेनोनने ब्रेक दाबला, क्लच दाबला आणि माझा हात उचलून दांड्यावर ठेवला. वर स्वतःचा.

"तू ओढ. सरळ खाली."

"वेडा झालास का!"

"ओढ ग."

ओढला. तळव्यातून कोपरापर्यंत आला तो आवाज, कोरडा, कडक. गाडीने मागून धरलं. क्रूस सावकाश गेले, एक एक करून. मी आज नावं वाचली नाहीत.

भीती गेलेली नाही. बुधवारी तो एकटा जाईल आणि मी पुन्हा भोंग्याला कान लावून बसेन. पण आज रात्री झोपेन.

दिवा मालवण्यापूर्वी तो म्हणाला, "आसुंता, प्रार्थनाघरात कुणाला बोलू नकोस हं. चरबीचं. मी लावतो म्हणून."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

बिचारा. काळजीत पडलाय. त्याला काय कल्पना, त्याच्या बायकोच्या पोटात किती दिवस काय काय राहू शकतं.